भिजवलेली अक्षरं

रेनो कांगासने बर्चच्या फळीतून कापलेली अक्षरं सिंकमध्ये धरली आणि स्पंजने नीट भिजवली. कडा पुरेशा ओल्या झाल्यावर त्याने बरणीतली लाल वाळू चिमटीने त्यांवर भुरभुरली. एकाहत्तर वर्षांचा माणूस सकाळी सात वाजता लाकडाला आंघोळ घालून वर तीट लावतोय, हे त्याचं त्यालाच दिसत होतं. अक्षरं त्याने हीटरजवळ मांडून ठेवली. आता कुणालाही ती मशीननेच कापलेली वाटली असती.

मशीन कोपऱ्यात मुकाट उभं होतं. वाळू मिसळलेल्या पाण्याच्या बारीक धारेने ते लाकूड कापायचं, प्लास्टिक कापायचं, वेळ पडली तर लोखंडही कापायचं. रेनोने चौतीस वर्षं मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत खराखुरा डोंगर पोखरला होता. निवृत्त झाल्यावर हे मशीन घेऊन तो उंदीर काढायला बसला. किल्ल्या टांगायच्या पट्ट्या, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दारावरच्या पाट्या, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला न्यायच्या घसरगाड्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. त्यात लाकूड पाण्याने फुगायचं, वाकायचं, वाळायला आठवडा घ्यायचं. लाकूड पाण्याने कापणारा गावात आपण एकटेच, असं तो स्वतःच सांगायचा. दुसरा इतका शहाणा गावात निपजलाच नव्हता.

पण मशीनचे उपकारही होते. त्यातलं पाणी गोठू नये म्हणून गॅरेज हिवाळाभर उबदार ठेवावं लागे, आणि काहीबाही कापून घ्यायला लोक येत. रेनोची बायको थंडीला कंटाळले असं सांगून अ‍ॅरिझोनाला बहिणीकडे गेली, ती तिथलीच झाली. कुठल्या थंडीला, हे रेनोने विचारलं नव्हतं. त्यानंतर घरात चार-चार दिवस त्याच्या कानावर त्याचा स्वतःचाही आवाज पडत नसे. मशीन चालू असताना सगळ्यांनाच कानांवर जाड झापडं लावावी लागत, त्यामुळे आलेला माणूस वस्तू ठेवून, हात हलवून निघून जाई. तरी माणूस दारात येई. रेनोला तेवढं पुरत होतं.

आणि मग पंप फुटला. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, नवा पंप कुठेच मिळेना. रेनोने कुणाला काही सांगितलं नाही. मशीन नसेल तर या म्हाताऱ्याच्या गॅरेजात कोण कशाला येईल? आमच्या गावात कारणाशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. बर्फ ओढायचं फावडं मागायला जातात, नाहीतर परत करायला. म्हणून रेनोने माळ्यावरून वडिलांची हातकरवत काढली. येईल ते काम तो सकाळी लवकर उठून हाताने कापायचा. प्लास्टिकची कड दातेरी निघाली की चाकूने तासायचा, लाकूड असलं की भिजवायचा.

चोराच्या मनात चांदणं. नेमके याच दिवसांत ऑर्विल आणि लोर्ना रोज यायला लागले. ऑर्विलने जन्मभर शाळेची बस चालवली होती, लोर्नाने घरोघर टपाल टाकलं होतं. पूर्वी ही दोघं महिन्यातून एखाद्या वेळी दिसायची. आता दहाच्या ठोक्याला कॉफीचा थर्मास घेऊन हजर व्हायची आणि दुपारपर्यंत हलायची नाहीत. यांना संशय आलाय, रेनोने ठरवून टाकलं. लोर्नाने तर आपल्या एकाच सौनाला तिसरी पाटी सांगितली होती. म्हणजे ही नक्कीच खडा टाकून बघतेय. कापलं सकाळीच, आता वाळतंय, असं तो रोज सांगायचा आणि मशीन दिसू नये अशा बेताने त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचा. बसल्या बसल्या गप्पांत इतका रंगून जायचा, की आपण पहारा देतोय हेच विसरायचा.

त्या दिवशी मात्र लोर्नाची अक्षरं कापताना करवत अंगठ्यात गेली होती. दहा वाजता ऑर्विलची नजर आधी अंगठ्याला बांधलेल्या पट्टीवरच पडली.

"अंगठ्याला काय झालं रे?"

"काही नाही. मशीनची जरा धार लागली."

ऑर्विलने कप खाली ठेवला. "लोखंड कापते ती धार. मग तुझा अंगठा लोखंडाहून चिवट म्हणायचा."

रेनो अंगठ्याकडे बघत राहिला. खोटं बोलायचं तर निदान स्वतःच्या मशीनबद्दल तरी धड बोलावं, तेही त्याला साधलं नव्हतं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगून टाकलं. पंप सांगितला, करवत सांगितली, स्पंज आणि चिमूटभर वाळूही सांगितली. सांगताना तो स्वतःलाच हसत होता. वाळूपर्यंत आल्यावर ऑर्विललाही हसू आवरेना. मग रेनोचं हसू एकदम सरलं. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"ते दुरुस्त नाही व्हायचं," तो म्हणाला. "बारा दिवस झाले बंद पडून. आता तुम्हाला इथं यायला काही कारणच उरलं नाही."

लोर्नाने थर्मास उघडला आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

"तेरा दिवस," ती म्हणाली. "त्याचा आवाज रस्त्यावर यायचा थांबला त्या दिवसापासूनच तर आम्ही रोज यायला लागलो, रेनो. आता कुठं इथं बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येतं."