मनवाचे लेख

फणसवाडीवरचा ब्लॉग मनवाने आणि मी मिळून उभा केला. चारचौघांत तिने माझ्या चुका काढल्या, म्हणून मी त्यावरचं तिचं खातंच उडवलं. सॉफ्टवेअरने विचारलं, "हिचे लेख पुसायचे, की दुसऱ्याच्या नावावर करायचे?" मी माझं नाव निवडलं. चांगली जिरवली!

तिचा फोन आला. "ठीक आहे रे सौमित्र. आता तुझं मी घेते."

आज सकाळी ब्लॉग उघडला. "सौमित्रला उडवायचं. त्याचं सगळं कुणाच्या नावावर करायचं?" खाली मनवाचं नाव निवडलेलं होतं. मी माउसला हात लावायच्या आत बटण दाबलं गेलं.

आईने मनवाला कधी पाहिलेलंही नाही. तरी स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "मनवा, चहा निवतोय गं!"

"आले हं आई," माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं.