अंगणातली हाक

स्वयंपाकघरातला आणि बैठकीतला स्पीकर झकास वाजला. उरला अंगणातला. चंद्रावरच्या त्यांच्या घराभोवती घुमट बांधून कालच अंगणात हवा भरली होती. इथंच जन्मलेली रेवती पहिल्यांदाच हेल्मेटशिवाय बाहेर पळाली, पार कुंपणापर्यंत गेली आणि हिरमुसून परतली.

"बाबा, हा बिघडलाय. लांब गेलं की आवाज बारीक होतो."

पृथ्वीवर वाढलेले बाबा हसत सुटले. बाहेर आजवर सगळे हेल्मेटातल्या रेडिओवर बोलायचे; मैलभर दूरचा माणूसही कानाशीच असायचा.

"वेडाबाई, हवेत असंच असतं. जा, कुंपणाच्या जरा अलीकडे उभी राहा."

त्यांनी स्पीकर बंद केला, छाती भरून श्वास घेतला आणि तिला हाक मारली.

तिशीतल्या रेवतीला लांबून मारलेली, आयुष्यातली पहिली हाक ऐकू आली. ओ द्यायचं सोडून ती ओरडली, "बाबा, अजून लांब जाते. परत हाक मारा."