तमन्नाने जगवलेल्या नायिका

अमीरबींच्या केमोच्या वर्षात सुनेनं, तमन्नानं, मोबाइलवर कोरियन सिनेमे शोधून काढले आणि सासूला त्यांचं वेडच लागलं. बोलणं कोरियन, खालची अक्षरं इंग्रजी. म्हणून तमन्ना शेजारी बसून गोष्ट सांगायची. पण या नायिकांना ऐन शेवटी मरायची भारी हौस, आणि सासूपुढं मरणाचं नाव काढायला तमन्नाची जीभ रेटेना. मग तिनं एकेकीला खुशाल जगवलं. पडद्यावर नायिकेच्या फोटोपुढं फुलं वाहिलेली दिसली, तरी ती बिनदिक्कत सांगायची, "ही तिची जुळी बहीण हाय, अम्मी."

"ती मेली व्हय? बरं झालं, लई कुजकी हुती," अमीरबी खूश होऊन म्हणायच्या.

परवा रिपोर्ट एकदम चांगला आला. त्या आनंदात अमीरबींनी राजारामपुरीतल्या फ्लॅटवर शेजारणींना चहाला बोलावलं आणि आपला सगळ्यात आवडता सिनेमा मोठ्या टीव्हीवर लावायला सांगितला. लेकानं, मोहसीननं, कौतुकानं तो हिंदीत लावून दिला. आता अम्मींना खरा शेवट कळणार, हे तमन्नाच्या ध्यानात आलं. शेवटी नायिका हॉस्पिटलात मेली, तीही चांगल्या खणखणीत हिंदीत निरोप घेऊन. शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले. तमन्ना मान खाली घालून बसली.

अमीरबींनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला.


"हिंदीवाल्यांनी शेवट पार चुकवलाय की. तमन्ना, तू सांग ह्यास्नी, ती बरी कशी झाली."