जुळलेली नोंद

तोतये पकडणारं नवीन सॉफ्टवेअर जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात आलं, तेव्हा सगळ्या जुन्या नोंदी त्यातून तपासायच्या ठरल्या, आणि सुरुवात कर्मचाऱ्यांपासूनच झाली. तिच्या नावापुढे लाल खूण उमटली. नाव तेच, आईवडील तेच, जन्मतारीखही तीच. फक्त जुळलेली दुसरी नोंद मृत्यूची होती, वय वर्षं चार.

"तरीच हिला डबा कधी अंगी लागत नाही," शेजारचा कारकून म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता.

"बाई, तेवीस वर्षांची नोकरी तुमची. पण मेलेल्या मुलीच्या दाखल्यावर लागलेली, असंच दिसतंय हे. उद्या घरून खुलासा आणा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

ती घरी आली तेव्हा आई खिडकीपाशी बसून तिच्या कुडत्याला बटण लावत होती. चपला काढता काढताच तिनं सांगून टाकलं, "ऐकलंस का आई, तुझी लेक म्हणे चौथ्या वर्षीच गेली. आता उद्या तूच चल माझ्याबरोबर. सांग त्यांना, ही माझीच पोर आहे म्हणून."

आईची सुई कापडातच थांबली. ती त्या बटणावरून अंगठा फिरवत राहिली.

 

"तुला आणलं ना, तेव्हा तिचे सगळे फ्रॉक तुला नेमके बसले गं," ती हळूच म्हणाली. "मग नावही तेच राहू दिलं."