न वाजणारं पाणी

पाय लुळे पडल्यापासून उमाजी ढिवराला प्राणहिता नदी दिसली नव्हती. म्हणून त्याच्या लेकीनं, भागीरथानं, चांद्याहून काचा मागवून अहेरीच्या घरातच एक काचेचा हौद केला आणि नदीतले मासे आणून त्यात सोडले. वरच्या रांजणातून पाण्याची बारीक धार काचेवरून ओघळत हौदात अलगद उतरायची आणि जास्तीचं पाणी बांबूच्या नळीतून अंगणात जायचं. पण ती नळी सारखी गुडगुडायची आणि घाबरलेले मासे दगडाआड दडून बसायचे. "सोडून दे त्याइले नदीत," उमाजी म्हणाला. "भेवात जगून राह्यले बिचारे." "आजचा दिस थांबा जी, बाबा," म्हणत भागीरथा नळीपाशी बसली. नळी पाण्यासोबत हवाही गिळते, म्हणून वाजते, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं नळीच्या बाहेरच्या तोंडात लाकडाचं बूच बसवलं आणि वरून येतं तेवढंच पाणी बाहेर जाऊन नळी पुरती भरून वाहू लागेपर्यंत ते थोडंथोडं तासत राहिली. पाणी चढलंच तर जायला वाट असावी, म्हणून थोडी वर दुसरी नळीही लावली. गुडगुड थांबली. हळूच एक छोटा रोहू दगडाआडून निघाला आणि उमाजीच्या तोंडासमोर, काचेला लागून थांबला. कित्येक महिन्यांनी उमाजीची हाक गल्लीत ऐकू गेली. शेजारचा केवळराम धावत आला आणि पाहतच राहिला. "उमाजीभाऊ, पाणी चालू हाय का बंद?" "चालू हाय. कान लावून पाह्य, तरी आयकू नाई येनार," उमाजी छाती फुगवून म्हणाला. "माह्या भागीरथाचं काम हाय थे!"