तिसरी पाहणी

"उभं राहून दाखवा," असं पाहणीला आलेला अधिकारी म्हणाला खरा, पण पलंगावर कोण आहे हे लक्षात येताच ओशाळला. "माफ करा बाई. फॉर्मवर तसा रकाना आहे."

"माफी कसली? काम चोख करावं," बाई म्हणाल्या. "पण डॉक्टरांनी पाय टेकवायला बंदी केलीय. टेकवला तर हाड निसटेल. आता रकान्यात काय लिहायचं ते तू ठरव."

पाचवीत गणितात बाईंनी त्याला दोनदा नापास केलं होतं. त्यांचा दराराच तसा. सख्ख्या नणंदेचा मुलगा एका गुणानं राहिला, तर तो एक गुणही त्यांनी टाकला नाही. नणंद अजून या घरचं पाणी पीत नाही.

"बाई सांगतात म्हटल्यावर प्रश्नच मिटला," अधिकारी म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. ही पहिली पाहणी.

हे सगळं चाललं होतं घराशेजारच्या जमिनीच्या पट्टीसाठी. बाईंच्या यजमानांना सगळे कंपाउंडर म्हणत. दवाखान्यातून निवृत्त झाले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या घराची भिंत आणि पाण्याची जुनी टाकी यांच्यामध्ये नगरपालिकेची ही जागा गवत आणि फुटके पाइप सांभाळत पडून होती. कंपाउंडरांचा जीव तिच्यात अडकला होता. वीस वर्षं त्यांनी अर्ज केले आणि वीस वर्षं एकच उत्तर आलं : सबळ कारण नाही.

मग बाई जिन्यावरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं.

घरात जिना उतरू न शकणारं माणूस असेल आणि त्याच्यासाठी खाली खोली बांधायची असेल, तर पालिका शेजारच्या घरमालकाला जागा देई. मात्र सलग तीन वर्षं पाहणी व्हायची. कंपाउंडरांकडे खाली औषधांच्या रिकाम्या खोक्यांची अडगळ होती, बाकी संसार वर. सबळ कारण आयतं चालून आलं.

पण बायकोला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं, हे मान्य करायलाच हवं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं स्वतःच्या हातानं. पलंगाखालच्या चपलासुद्धा त्यांनी उचलून ठेवल्या.

"अहो, पाय शिवशिवतात," पहिल्या वर्षी बाई म्हणत. "वाटतं, उठावं आणि गॅलरीपर्यंत जाऊन यावं."

"वेडी का खुळी तू? हाड कच्चं आहे अजून."

दर तीन महिन्यांनी ते एकटेच डॉक्टरांना भेटून येत. बाईंना जिना उतरवायचा धोका नको म्हणून. आले की बाई विचारत, "काय म्हणाले?"

"थोडे दिवस अजून."

बाईंची धाकटी बहीण भेटायला आली तेव्हा तिचे डोळे भरून आले. "ताई, असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

"शंभरपैकी नव्वद," बाई म्हणाल्या. "चहात साखर फार घालतात."

पडल्या पडल्या बाईंनी आलेखाच्या कागदावर खालच्या खोलीचा नकाशा काढला. रस्त्याकडे मोठी खिडकी हवी, पलंगाला लागूनच. शाळा सुटली की पोरं दिसतील, एखादं हाकही मारेल. तेवढ्या एका खिडकीसाठी त्या दिवस मोजत होत्या.

दुसरी पाहणी झाली, पुढच्या वर्षी तिसरीही झाली. अधिकाऱ्यानं आता उभं राहायला सांगितलंच नाही. पाय शिवशिवतात असं बाईही कधीपासून म्हणेनाशा झाल्या होत्या.

एका सकाळी कंपाउंडर दोन दोन पायऱ्या चढत वर आले आणि त्यांनी मंजुरीचा कागद बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी तो उत्तरपत्रिका तपासावी तसा शेवटपर्यंत वाचला. त्यांना आनंद आवरेना.

"मग खोलीला कधी सुरुवात करायची?"

"कसली खोली? दोन दुकानं निघतात तिथं. मोजून आलो."

"अहो, पण मग मी खाली कशी येणार?"

"जिन्यानं!" कंपाउंडर लहान मुलासारखे हसले. "हाड तर तेव्हाच जुळलं होतं. सहाव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता रोज चालवा म्हणून. तुला सांगितलं असतं, तर त्या साहेबासमोर ताडकन उभी राहिली असतीस. खोटं बोलणं तुला कुठं जमतं? म्हणून तुझ्या वाटचं मीच बोललो."

बाईंनी मांडीवरचा कागद घडी घालून उशाशी ठेवला.

"आता झालं ना सगळं? चल, ऊठ." कंपाउंडरांनी कपाटावरून चपला काढल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि पलंगाजवळ जोडीनं मांडल्या. मग हात पुढे केला.

बाईंनी तो धरला नाही. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी एकेक पाय खाली सोडला. पोटऱ्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या. पलंगाची कड धरून त्यांनी जोर लावला आणि त्या मागे कोसळल्या. पुन्हा जोर लावला, पुन्हा कोसळल्या.

"पुरे आता," कंपाउंडर हसत म्हणाले. "पाहणी संपली. साहेब गेला. आता कुणाला दाखवतेस?"

"मला खोटं बोलणं जमत नाही हो," बाई म्हणाल्या.