गाईंना घातलेली हाक

गोठ्याचं दार अँब्रोसने मुद्दामच दाणकन आपटलं. माळ्यावर कुणी असलंच, तर मागल्या बाजूने उडी मारायला त्याला सवड मिळावी.

माळ्यावर नुसतं गवत होतं. अँब्रोसचा जीव भांड्यात पडला.

"नाहीये इथे," तो खाली उतरत म्हणाला.

"पोराचा बाप खोटं बोलतोय, सार्जंट!" पर्डीने बंदूक सरसावली. पर्डीचा भाऊ अमेरिकेतल्या या यादवी युद्धात गेला होता, त्यामुळे पळपुट्या शिपायांवर त्याचा भारी दात. दिसेल तिथे गोळी घाला, असा कप्तानाचा हुकूम होता आणि पर्डी त्यासाठी टपूनच बसला होता.

अँब्रोसला मात्र पळालेला बाल्त्स सापडायलाच नको होता. मिसरूड फुटलेलं पोर ते, त्याच्याच पलटणीतलं, त्याच्याच स्विस खोऱ्यातलं. अँब्रोस स्वतः स्वित्झर्लंड सोडून इकडे विस्कॉन्सिनला निघाला होता तो बायको आणि तान्हं मूल घेऊन. दोघंही बोटीवरच तापाने गेली. मग जमीन कसायची कुणासाठी? हा गडी सरळ फौजेत शिरला. पोरगा जगता तर आज बाल्त्सएवढा असता. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

अंगणात बाल्त्सचा बाप, योस्टकाका, चीज कापत बसला होता.

"काका, खरं सांगा, कुठाय तो?"

"कॅनडात पोचला असेल. मला काय विचारून गेलाय?" म्हाताऱ्याने नजर उचलली नाही. "घे, खा. आपल्याकडची चव नाही येत. इथलं गवतच मेलं वेगळं."

कॅनडात! अँब्रोसला म्हाताऱ्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

ओढ्यापलीकडे, रानाच्या कडेला गाई हंबरत होत्या. अंधारून आलं तरी म्हातारा जागचा हलेना.

"काका, धारांची वेळ टळली की. कास तटतटली असेल बिचाऱ्यांची. हाक घाला ना."

"घसा बसलाय रे. येतील आपल्या आपण."

"मग मी घालतो."

"नको!" काका एकदम ओरडला. मग हळूच म्हणाला, "राहू दे. तुम्हाला उशीर होईल."

पर्डी फिदीफिदी हसला. "सार्जंट, ती हाक ऐकली की तुमचे स्विस शिपाई बंदुका टाकून घरी पळायचे ना? तुम्हीच सांगितलं होतं!"

"पळायचेच. म्हणून तर त्यांना चाकरीला ठेवणारे परमुलखातले राजे ती हाक घालायला मनाई करायचे," अँब्रोस म्हणाला. "कानावर पडली की घर दिसतं बाबा डोळ्यांपुढे."

म्हाताऱ्याकडे बघून त्याला गलबलून आलं. पोराच्या काळजीने याचा आवाजच गेलाय, दुसरं काय! इतकी वर्षं आपण नुसती माणसं मारली. आज निदान याच्या गाई तरी घरी आणू.

तो उठला. तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि खोऱ्यातली ती लांबच लांब, चढत जाणारी हाक घातली. त्याचा बाप घालायचा तशी, खोऱ्यातला प्रत्येक बाप घालायचा तशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याने ते पुसलंही नाही.

योस्टकाकाच्या हातातली सुरी खाली पडली.

रानात घंटा वाजू लागल्या. आधी म्होरकी काळी गाय आली, मग बाकीच्या, ओढ्याचं पाणी उडवत, थेट अंगणात.

शेवटच्या गाईच्या पाठीवर हात टाकून बाल्त्स हसत हसत पुढे आला. "हाक ऐकली नि निघालोच, बाबा! गेले ना ते?"